आधी कागद, मग विषय : क्रूसयुद्धांच्या संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी

२७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधल्या क्लेरमाँ येथे पोप दुसरा अर्बन लोकांपुढे बोलला. त्या भाषणातून पहिले क्रूसयुद्ध निघाले, हे शाळेच्या पुस्तकातही असते. पण तो नेमके काय बोलला, याची तिथल्या तिथे उतरवून घेतलेली एकही नोंद आज उरलेली नाही. भाषण आपल्यापर्यंत आले ते मुख्यतः चौघांच्या लेखणीतून : शार्त्रचा फुल्चर, रॉबर्ट नावाचा मठवासी, दोलचा बाल्ड्रिक आणि नोजाँचा गिबेर. चौघांनीही लिहिले ते जेरुसलेम हाती आल्यावर, म्हणजे गोष्टीचा शेवट ठाऊक झाल्यावर. फुल्चरच्या भाषणात जेरुसलेमचे नावही येत नाही. पूर्वेकडच्या ख्रिस्ती बांधवांच्या मदतीला धावा, एवढीच त्यात हाक आहे. रॉबर्टच्या भाषणात मात्र जेरुसलेमच केंद्रस्थानी. अर्बनची स्वतःची या मोहिमेविषयीची पत्रे मोजकीच उरली आहेत. त्यांतले एक फ्लँडर्सच्या लोकांना, एक बोलोन्याच्या लोकांना आणि एक व्हालोंब्रोझाच्या मठाला लिहिलेले. शिवाय क्लेरमाँच्या धर्मसभेचा एक ठराव आहे : मान वा पैसा मनात न धरता, केवळ भक्तीपोटी, देवाच्या चर्चच्या मुक्तीसाठी जो जेरुसलेमला जाईल, त्याचा तो प्रवास साऱ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरला जाईल.

एखाद्याने 'पोप अर्बनचे भाषण आणि त्याचे परिणाम' असा विषय घेतला तर तो पहिल्याच प्रकरणात अडकतो, कारण ज्याचे परिणाम शोधायचे ते भाषणच हाती नाही. दुसऱ्याने विचारले की विजयानंतर लिहायला बसलेल्या या चौघांनी तेच भाषण चार तऱ्हांनी का रचले, तर त्याच्यापुढे चार संहिता, तीन पत्रे आणि एक ठराव असे साहित्य मोजून ठेवलेले आहे. वरवर पाहता दोघांचा विषय एकच. पहिल्याने घटना निवडली, दुसऱ्याने कागद. क्रूसयुद्धांवर काम करायचे आहे म्हणून जे विचारायला येतात, त्यांना माझे सांगणे हेच असते की आधी कागद पाहा, विषय त्यातून येऊ द्या.

मराठी माणसाला हे नवे वाटू नये. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हापासून बखरीपेक्षा अस्सल पत्राचे वजन जास्त, हा धडा आपण गिरवत आलो. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले तेही याच ध्यासातून. क्रूसयुद्धांच्या अभ्यासातही बखरी आहेत, दानपत्रे आहेत, गहाणखते आहेत, आणि बखरीची मोहिनी तिथेही तितकीच मोठी आहे. फरक इतकाच की आपण मोडी वाचायला शिकतो आणि तिथे लॅटिन, अरबी, ग्रीक, हिब्रू, आर्मेनियन, सिरियाक, जुनी फ्रेंच यांपैकी काही तरी वाचावे लागते.

विषयाच्या आधी शब्दाचा प्रश्न येतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. 'धर्मयुद्ध' हा शब्द आपल्या मनात कुरुक्षेत्रावरून येतो. निःशस्त्रावर वार करू नये, पळणाऱ्याला मारू नये, सूर्य मावळल्यावर शस्त्र उचलू नये. म्हणजे आपला शब्द युद्ध कसे लढावे हे सांगतो. पोपने पुकारलेल्या युद्धात कळीची गोष्ट निराळी होती. व्रत घ्यायचे, अंगरख्यावर कापडाचा क्रूस शिवून घ्यायचा, आणि लढाईचे कष्ट पापांचे प्रायश्चित्त म्हणून सोसायचे. दोन्हींना एकच शब्द वापरला की वाचक नकळत भीष्माच्या नियमांनी पहिल्या क्रूसयुद्धातल्या गॉडफ्रीला तोलू लागतो. म्हणून मी 'क्रूसयुद्ध' म्हणतो. 'क्रूस' हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला आहे, तेव्हा तो परकाही वाटत नाही.

पहिल्या क्रूसयुद्धाच्या पिढीकडेही या प्रकाराला ठरलेला शब्द नव्हता. लॅटिन लेखक 'यात्रा', 'वाट', 'मोहीम' असे म्हणतात आणि जाणाऱ्यांना 'यात्रेकरू'. 'क्रूसाने अंकित झालेले' हे नाव रुळायला पुढे शंभरेक वर्षे गेली. समोरच्या बाजूचे अरबी इतिहासकार तर युद्धाला वेगळे नावच देत नाहीत. त्यांच्या लेखी 'इफ्रंज' आले, म्हणजे फ्रँक लोक आले. 'क्रूसाची युद्धे' हा अरबी शब्दप्रयोग प्रचारात आला तो एकोणिसाव्या शतकात, युरोपीय पुस्तकांच्या भाषांतरांतून. त्या 'इफ्रंज'चे फारसीत 'फरंग' झाले आणि आपल्याकडे 'फिरंगी'. युरोपीय पात्याच्या सरळ तलवारीला मराठ्यांच्या कागदांत 'फिरंग' म्हणतात, तिच्या नावात तेच फ्रँक दडलेले आहेत. एका शब्दाचा असा प्रवास, दमास्कसच्या तवारिखांपासून दख्खनच्या दप्तरांपर्यंत, हा फारसी आणि मोडी दोन्ही जाणणाऱ्या मराठी अभ्यासकासाठी नामी विषय आहे.

क्रूसयुद्ध म्हणजे काय, यावर विद्वानांत जुना वाद आहे. फक्त जेरुसलेमकडे गेलेल्या मोहिमांनाच हे नाव द्यावे असे काहींचे म्हणणे. पोपने अधिकृतपणे पुकारलेल्या सगळ्या मोहिमा, मग त्या स्पेनमध्ये असोत, बाल्टिक किनाऱ्यावर असोत की दक्षिण फ्रान्समधल्या पाखंड्यांवर असोत, त्यात धराव्यात असे जोनाथन रायली-स्मिथ आणि त्यांच्या परंपरेतल्यांचे म्हणणे. कार्ल एर्डमान यांनी १९३५ च्या ग्रंथात या कल्पनेची मुळे अर्बनच्याही मागे नेली. क्रिस्टोफर टायरमन यांनी १९९५ साली उलटच विचारले की बाराव्या शतकात 'क्रूसयुद्ध' नावाची पक्की संस्था होती तरी का? वाद मोलाचा आहे, पण नवख्याने त्यात प्रबंधाची तीस पाने घालू नयेत. आपण कोणता अर्थ धरतो हे एका पानात सांगावे आणि पुढे व्हावे.

खरी श्रीमंती आहे ती 'लोक का गेले' या प्रश्नात. जुने उत्तर सोपे होते : थोरल्याला जमीन मिळे, धाकटे उपाशी राहत, म्हणून धाकटी मुले पूर्वेकडे जमीन शोधायला निघाली. हे उत्तर मोडले ते कागदांनी. मोहिमेवर निघण्याआधी सरदार मठात येत, जमीन गहाण टाकत किंवा विकत, जुना वाद मिटवत, आणि मठातले लेखक त्याचे खत करून ठेवत. रायली-स्मिथ यांनी अशी शेकडो खते चाळून १९९७ साली पहिल्या क्रूसयुद्धकऱ्यांवर पुस्तक लिहिले. त्यात दिसते की जाणे हा कमाईचा धंदा नव्हता, घर रिकामे करणारा खर्च होता. एका सरदाराला कित्येक वर्षांचे उत्पन्न ओतावे लागे, आणि ते भाऊ, काका, सासरची माणसे मिळून उभे करत. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट याने अख्खी नॉर्मंडी भावाकडे, इंग्लंडच्या राजाकडे, १०,००० चांदीच्या मार्कांना गहाण ठेवली. बूयाँचा गॉडफ्री आपला किल्ला लिएजच्या बिशपकडे सोडून गेला. जायचे कोणी हेही बऱ्याचदा घराण्यांत ठरे. काही घराण्यांतून चार-चार जण गेले आणि शेजारच्या घराण्यातून एकही नाही.

पण इथेही सावध राहावे लागते. ही खते मठवाल्यांनी लिहिली आहेत. 'माझ्या पापांचे ओझे जाणून' असे जे सरदाराच्या तोंडी येते, ते त्याचे मन की लेखकाचा ठरलेला मायना? आपल्या दानपत्रांतले शापाशीर्वादाचे श्लोक वाचून दात्याचे अंतःकरण कळत नाही, तसेच हे. म्हणूनच मार्कस बुल यांनी १९९३ च्या अभ्यासात सगळा फ्रान्स घेतला नाही. त्यांनी लिमूझँ आणि गॅस्कनी एवढेच प्रदेश घेतले आणि तिथल्या मठांशी सरदारांचे कित्येक पिढ्यांचे नाते तपासले. विषय लहान केल्याने त्यांना मायना आणि माणूस वेगळे करता आले. नव्याने काम सुरू करणाऱ्याने हे पुस्तक विषय कसा बेतावा याचा वस्तुपाठ म्हणून वाचावे.

आकड्यांचा मोह सर्वांत घातक. १५ जुलै १०९९ रोजी जेरुसलेम पडले आणि कत्तल झाली, यात शंका नाही. किती माणसे मेली? इब्न अल्-असीरच्या इतिहासात अक्सा मशिदीतच सत्तर हजारांहून अधिक म्हटले आहे, आणि हा आकडा असंख्य पुस्तकांत तसाच उतरला. पण इब्न अल्-असीर जन्मला ११६० साली. जेरुसलेमच्या पाडावाच्या सुमारास पूर्वेकडेच असलेला सेव्हिलचा विद्वान अबू बक्र इब्न अल्-अरबी मात्र तीन हजार म्हणतो. ख्रिस्ती बाजूला रेमों द'आगिलेर घोड्यांच्या लगामापर्यंत चढलेल्या रक्ताचे वर्णन करतो, आणि ती प्रतिमा बायबलच्या शेवटच्या ग्रंथातून, प्रकटीकरणाच्या चौदाव्या अध्यायातून, उचललेली आहे. ती मोजणी नव्हती. शत्रूचे रक्त वाहिले की भविष्यवाणी खरी ठरते, असे मानणाऱ्या माणसाचे ते वाक्य होते. कैरोच्या गेनिझातून, म्हणजे फुस्तातच्या सिनेगॉगमध्ये शतकानुशतके साठलेल्या जुन्या कागदांतून, आणखी एक पुरावा मिळतो. त्यात जेरुसलेमच्या पाडावानंतर ज्यू कैदी आणि लुटले गेलेले धर्मग्रंथ खंडणी भरून सोडवून आणल्याची पत्रे आहेत. म्हणजे शहरात कोणी जिवंत उरलेच नाही, हेही खरे नाही.

बेंजामिन केदार यांनी २००४ साली या कत्तलीवर एक दीर्घ लेख लिहिला. त्याचा विषय खुद्द कत्तल नव्हताच. पाश्चात्त्य इतिहासकारांनी शतकामागून शतक ती कशी सांगितली, हा त्याचा विषय. कोनराड हिर्शलर यांनी अरबी ग्रंथांवर तसेच काम करून दाखवले की सुरुवातीच्या नोंदी त्रोटक आहेत आणि वर्णन वाढत गेले ते पुढे. मेलेल्यांची संख्या कमी ठरली म्हणून अपराध लहान होत नाही. पण संशोधकाने फुगवलेला आकडा पुढे नेला तर मेलेल्यांच्या स्मृतीशी तोही खेळतोच. मला वाटते, हिंसेच्या इतिहासात नीतीचे पहिले कलम हेच आहे.

१०९६ च्या वसंतात ऱ्हाइन नदीकाठी स्पायर, वर्म्स, माइन्झ, कोलोन या शहरांत ज्यू वस्त्यांवर झालेल्या हल्ल्यांबाबतही असेच आहे. पूर्वेकडे निघालेल्या जमावांनी वाटेतच शत्रू शोधला. त्याविषयी तीन हिब्रू वृत्तांत आहेत. बाप्तिस्मा घेण्याऐवजी मुलांसह स्वतःचा अंत करून घेणाऱ्या कुटुंबांचे वर्णन त्यांत आहे, अब्राहाम आणि इसहाकाच्या कथेच्या शब्दांत. रॉबर्ट शेझन यांनी हे वृत्तांत घटनेच्या जवळचे मानले. जेरेमी कोहेन यांनी विचारले की जे वाचले, ज्यांत जबरीने बाप्तिस्मा घेतलेले आणि पुढे सम्राटाच्या परवानगीने पुन्हा ज्यू झालेलेही होते, त्यांच्या मनातली टोचणी या कथांत बोलत नसेल का? हिब्रू न शिकता या वादात उतरणे शक्य नाही. ज्याला शिकायची तयारी असेल त्याने जरूर उतरावे.

अरबी बाजू अजून पुरेशी वाचली गेलेली नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये क्रूसयुद्धांच्या इतिहासकारांचे मोठाले खंड छापले गेले, तेव्हा अरबी ग्रंथांतून युद्धाचे तेवढे उतारे कापून घेतले. त्यामुळे दमास्कस वा मोसुलच्या लेखकाला फ्रँकांखेरीज दुसरी चिंताच नव्हती असे चित्र झाले. वास्तवात सेल्जुकांचे आपसातले तंटे, कैरोचे फातिमी आणि बगदादचे अब्बासी यांचे वैर, धान्याचे भाव, भूकंप हेच त्यांच्या पानांवर जास्त असते. अस्-सुलमी नावाच्या दमास्कसच्या विद्वानाने ११०५ साली जिहादवर ग्रंथ रचून मशिदीत वाचून दाखवला. फ्रँकांच्या स्वाऱ्या सिसिली, स्पेन आणि शाम म्हणजे सीरिया या सगळ्यांवर एकत्र आल्या आहेत, हे त्याने अचूक ओळखले होते. ऐकायला मात्र थोडेच लोक आले. हस्तलिखितावरच्या श्रवण-नोंदींतून तेही कळते. नऊशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथाचे श्रोते नावानिशी सापडावेत, असा पुरावा किती विषयांत मिळतो?

उसामा इब्न मुन्किझ तर सगळ्यांच्या ओळखीचा. शैझरच्या किल्ल्यात १०९५ साली जन्मलेला हा सरदार नव्वदी ओलांडून जगला आणि म्हातारपणी त्याने आठवणी सांगितल्या. त्यांचे एकच हस्तलिखित स्पेनच्या एस्कोरियाल ग्रंथालयात उरले होते. ते १८८० साली आर्टविग देरेनबूर यांना सापडले, तेही सुरुवातीची पाने नसलेले. फ्रँक वैद्याने कुऱ्हाडीने पाय तोडून रोगी कसा मारला, ही त्यातली गोष्ट प्रत्येक पुस्तकात असते. तिच्या लगेच पुढे फ्रँकांच्या औषधाने जखम बरी झाल्याचीही गोष्ट आहे, ती मात्र क्वचित सांगतात. उसामाच्या ग्रंथाचे नावच 'दृष्टांतातून बोध' अशा अर्थाचे आहे. तो रोजनिशी लिहीत नव्हता, उदाहरणे रचत होता. त्याच्या विनोदी गोष्टींतून फ्रँक कसे होते हे काढण्याआधी, सीरियातल्या सुसंस्कृत वाचकाला काय ऐकायला आवडे हे आधी काढावे लागते.

युद्धाच्या आड लपलेले रोजचे जगणे हा आता सर्वांत सुपीक प्रांत झाला आहे. फ्रँक लोक पूर्वेकडे किल्ल्यांत आणि शहरांत कोंडून राहिले, भोवतालच्या जनतेपासून तुटून, असे चित्र जोशुआ प्रावर यांनी रंगवले होते. रॉनी एलेनब्लूम यांनी १९९८ साली जमिनीवरचे अवशेष फिरून पाहिले आणि दाखवले की फ्रँकांची खेडी होती, शेती होती, आणि ती मुख्यतः स्थानिक ख्रिस्ती वस्तीच्या आसपास होती. क्रिस्टोफर मॅकएविट यांनी २००८ च्या पुस्तकात त्या सहजीवनाला जे नाव दिले त्याचा आशय असा की ही सहिष्णुता ओबडधोबड होती, तत्त्वाने आलेली नव्हती. ११८४ साली तिब्नीनहून फ्रँकांच्या अक्का बंदराकडे जाताना स्पेनचा यात्रेकरू इब्न जुबैर याने मुसलमान शेतकरी पाहिले. ते अर्धे पीक आणि माणशी एक दिनार पाच किरात फ्रँक धन्याला देत होते, आणि त्यांचे बरे चालले होते. हे पाहून त्याला आनंद झाला नाही, दुःखच झाले. आपल्याच राज्यातल्या शेतकऱ्यांची स्थिती याहून वाईट, ही बोच त्याच्या मजकुरात आहे. ही एवढी एक नोंद, करांचे इतर कागद आणि उत्खनने घेऊन कोणी बसले तर चांगला प्रबंध होईल.

उत्खननांनी तर दारच उघडले आहे. लेबननमधल्या सैदा येथे सापडलेल्या तेराव्या शतकातल्या खड्ड्यातील नऊ पुरुषांच्या अवशेषांची जनुकीय तपासणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यांत तिघे युरोपीय, चौघे त्याच भागातले, आणि दोघे मिश्र वंशाचे निघाले. क्रूसाच्या सैन्यात कोण होते, याविषयी कुठल्याही बखरीपेक्षा हा खड्डा जास्त सांगतो. अक्का येथील हॉस्पिटलर या लढवय्या साधुसंघाच्या शौचकूपांत आतड्यांतल्या जंतांची अंडी सापडली. पीअर्स मिचेल यांनी त्यावरून उपासमार आणि रोगराईचा विचार केला. जॉर्डन नदीवरच्या वादुम याकोब किल्ल्याचे काम ११७८ साली सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सलाहुद्दीनने तो घेतला. त्याच्या भिंती १२०२ च्या भूकंपात जागेवरून सरकल्या, आणि त्या सरकण्यावरून भूशास्त्रज्ञ आज तिथल्या प्रस्तरभंगाची हालचाल मोजतात. विज्ञान शाखेतून आलेल्या मुलामुलींनी हा विषय आपला नाही असे समजू नये.

चौथ्या क्रूसयुद्धाबद्दल थोडे थांबतो, कारण ते कराराचे युद्ध आहे. १२०१ साली सरदारांच्या दूतांनी व्हेनिसशी करार केला : ३३,५०० माणसे आणि ४,५०० घोडे नेण्यासाठी जहाजे, किंमत ८५,००० मार्क. ठरल्या दिवशी जेमतेम एक तृतीयांश लोक आले. देणे फिटेना. मग कर्जापोटी आधी झारा हे ख्रिस्ती शहर, आणि एका पदच्युत सम्राटाच्या मुलाच्या आश्वासनावर पुढे कॉन्स्टँटिनोपल. एप्रिल १२०४ मध्ये पूर्वेच्या ख्रिस्ती साम्राज्याची राजधानी ख्रिस्ती सैन्याने लुटली. कट होता की घटनांचा ओघ, यावर शतकभर वाद चालला. विलआर्दुआँ हा नेत्यांपैकी, रोबेर द क्लारी हा साधा सरदार आणि निकेतास खोनियातेस हा लुटल्या गेलेल्या शहरातला ग्रीक अधिकारी. तिघांच्याही लिखाणाची चांगली भाषांतरे मिळतात. पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी याहून आटोपशीर विषय मला माहीत नाही.

१२१२ चे 'बालकांचे क्रूसयुद्ध' घेणाऱ्याने आधी एक लॅटिन शब्द तपासावा. मूळ शब्दाचा अर्थ मूल असाही होतो आणि जमीन नसलेला गडीमाणूस असाही, असे पीटर रेड्ट्स यांनी दाखवले. आपल्याकडे हॉटेलातल्या पन्नाशीच्या माणसालाही 'पोऱ्या' म्हणत, तशातला प्रकार. जेरुसलेमची राणी मेलिसांद, मन्सुराच्या लढाईच्या धामधुमीत इजिप्तचा कारभार सांभाळणारी शजर अद्-दुर, दामिएत्तात बाळंतपणाच्या खाटेवरून शहर न सोडण्याची गळ घालणारी फ्रान्सची राणी मार्गरित : स्त्रियांवर काम वाढते आहे, आणि वाढायला हवे. टेम्पलर या दुसऱ्या लढवय्या साधुसंघावर मात्र इतकी पुस्तके आणि इतक्या भाकडकथा आहेत की नव्याने येणाऱ्याने तिकडे न वळलेले बरे.

आता आपल्या किनाऱ्याविषयी. ओढूनताणून संबंध जोडू नये हे खरे, पण जो आहे तो पाहिलाच पाहिजे. गेनिझाच्या ज्या कागदांत जेरुसलेमचे कैदी आहेत, त्याच साठ्यात भारताशी व्यापार करणाऱ्या ज्यू सौदागरांची पत्रे आहेत. श्लोमो गोइटाइन यांनी ती आयुष्यभर जुळवली. त्यांतला अब्राहाम बेन यिजू मूळचा ट्युनिशियातल्या महदियाचा. ११३२ पासून सतरा वर्षे तो मुख्यतः मंगळूरच्या बाजूला राहिला, तिथे त्याचा काशाच्या भांड्यांचा कारखाना होता. ११४८ साली सिसिलीच्या नॉर्मन राजाने महदिया जिंकले आणि त्याचे कुटुंब परागंदा झाले. त्याच वर्षी दुसऱ्या क्रूसयुद्धाचे सैन्य दमास्कसपुढे हात हलवत परतत होते. एडनला परतलेला बेन यिजू आपल्या भावंडांचा ठावठिकाणा विचारत पत्रे लिहितो. भूमध्य समुद्रावरची लढाई आणि मिऱ्यांचा व्यापार एकाच कुटुंबात कसे भेटतात, हे इथे दिसते. ११८२-८३ च्या हिवाळ्यात शातियाँच्या रेनॉ या फ्रँक सरदाराने जहाजांचे सुटे भाग वाळवंटातून नेऊन तांबड्या समुद्रात उतरवले आणि ऐझाब बंदर लुटले, तेव्हा तर भारताचा माल जिथे उतरे त्याच जागी फ्रँक पोचले होते.

आणि मग ठाणे. अक्का १२९१ मध्ये पडले, त्यानंतर पवित्र भूमी परत कशी घ्यावी याच्या योजना युरोपात लिहिल्या जाऊ लागल्या. इजिप्तच्या सुलतानाचे बळ मसाल्यांच्या जकातीत आहे, ती तोडा, हा त्यांतला एक विचार. हिंदी महासागरात फिरून आलेल्या ग्योम अदाम या दोमिनिकन साधूने १३१७ च्या सुमारास सुचवले की गलबते थेट याच समुद्रात ठेवून एडनची वाट रोखावी. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेला दोमिनिकन साधू जॉर्डानुस मागे राहिला. १३२४ च्या जानेवारीत त्याने ठाण्याहून पत्र लिहिले, आणि त्यात म्हटले की पोपने या समुद्रात दोन गलबते जरी ठेवली तरी अलेक्झांड्रियाच्या सुलतानाचे मोठे नुकसान होईल. जेरुसलेमच्या लढ्याचे एक कलम ठाण्याच्या खाडीवर बसून लिहिले गेले आहे. उत्तर कोकणच्या बंदरांचा इतिहास ज्याला माहीत आहे, मराठी शिलालेख आणि ताम्रपट ज्याला वाचता येतात, त्याने हे पत्र हाती घेतले तर युरोपातल्या अभ्यासकाला जे दिसत नाही ते त्याला दिसेल.

गोव्याकडे वळताना मात्र पाय जपून टाकावा. पोर्तुगालमध्ये टेम्पलरांच्या मालमत्तेवर १३१९ साली ख्रिस्त-संघ उभा राहिला, आणि त्याच संघाचा क्रूस वास्को द गामाच्या शिडांवर होता. आल्बुकर्कच्या मनात तांबड्या समुद्राच्या आणि जेरुसलेमच्या योजना होत्या. यावरून गोव्यातले सगळे पोर्तुगीज धोरण म्हणजे क्रूसयुद्ध, असे म्हणणे सोपे असते, सिद्ध करणे अवघड. मसाला, जकात, घोड्यांचा व्यापार, स्थानिक सत्तांशी तह हे सगळे त्याच कागदांत आहे. पणजीच्या पुराभिलेखागारात बसायची आणि पोर्तुगीज शिकायची तयारी असेल, तरच हा विषय घ्यावा.

साधनांची अडचण पूर्वी होती तेवढी आता नाही. मूळ ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांची एक मोठी माला आहे, इब्न अल्-असीरच्या इतिहासाचे तीन खंड त्यात आले आहेत. फ्रेंच संग्रह आणि गेनिझाचे हजारो कागद घरबसल्या पाहता येतात. भाषांतरांवर पदव्युत्तर प्रबंधिका होऊ शकते. पीएच.डी. होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. किमान एक भाषा मुळातून यायला हवी, आणि उर्दू वा फारसीची ओळख असलेल्याला अरबी सर्वांत जवळची. लॅटिन ज्याला शिकायची त्याला संस्कृतचे व्याकरण कामाला येते, विभक्त्यांची भीती त्याला उरत नाही.

एका गोष्टीबद्दल मला मनापासून काळजी वाटते. आपल्याकडे हा विषय घेणारे पुष्कळदा निकाल आधी लिहून येतात. कोणाला ख्रिस्ती क्रूर होते हे दाखवायचे असते, कोणाला मुसलमान. आजच्या भांडणाचे वकीलपत्र घेऊन बाराव्या शतकात गेलेला माणूस तिथे फक्त आपले साक्षीदार शोधतो. त्याला इब्न जुबैरचे दुःख दिसत नाही, सैद्याच्या खड्ड्यातले मिश्र वंशाचे दोघे दिसत नाहीत, खंडणी देऊन सोडवलेली पुस्तके दिसत नाहीत. ज्या विषयाचे उत्तर आधीच ठाऊक आहे तो विषय संशोधनाचा नव्हे. असा विषय कोणी आणला तर मार्गदर्शकाने तो परत करावा.

म्हणून विषयाचे शीर्षक ठरवायची घाई करू नका. आधी एक संहिता निवडा, फुल्चर, उसामा, खोनियातेस, जॉर्डानुसची पत्रे, काहीही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचा. जिथे अडाल, जिथे लेखक काही लपवतो आहे असे वाटेल, तिथे खूण करा. ती खुणांची वही घेऊन मार्गदर्शकाकडे जा.